लाईट गेली की थांबायचं

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गावाची केबल आहे. जळकोटपासून थोडं आत आमचं गाव. लग्न होऊन आले तेव्हापासून माळवदावर डिशची मोठी छत्री आहे आणि खाली या खोलीत मशिनी. हे सकाळी वायरचं बंडल खांद्यावर टाकून बाहेर पडायचे. कुठं खांबावर चढ, कुठं पत्र्यावर चढ, दिवसभर तेच. खोली सांभाळायचं काम माझं. खोलीत पंखा होता, पण तो मशिनींकडं तोंड करून ठेवलेला असायचा. गरम झालं की वाऱ्यासाठी मी मशिनींच्या मागं जाऊन बसायचे.

दुपारी जेवणं उरकली की सिनेमा लावायचा. गावातल्या बायांना तेवढाच निवांत वेळ. सीडी घालायची, बटण दाबायचं, मग सगळ्या गल्लीतून एकच गाणं ऐकू यायचं. आमच्या घरातून थेट मारुतीच्या पारापर्यंत, प्रत्येक उंबऱ्यातून तेच गाणं. मला त्याचं फार नवल वाटायचं. मी बोलायला भित्री. चार बाया एका जागी असल्या की मी बाजूला सरकते. आणि त्याच चौघींना रडवायचं का हसवायचं, ते दुपारी मी ठरवत होते.

लाईट मात्र दुपारीच जायची. आमच्या खोलीत बॅटरी होती, त्यामुळं मशीन चालूच राहायची, पण गावातले टीव्ही बंद. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात असाच एक सिनेमा अर्ध्यात असताना लाईट गेली. लाईट आली तेव्हा सिनेमा संपलेला. दुसऱ्या दिवशी नळावर बाया बोलत होत्या, "त्या पोरीचं पुढं काय झालं असंल गं? नवऱ्यानं घरात घेतलं का न्हाय?" मी घागर भरत उभी होते. घेतलं होतं. सासू पाया पडली होती. सगळं मला माहीत होतं, पण घागर उचलून तशीच घरी आले.

त्या दिवसापासून मी लाईट गेली की सिनेमा थांबवायला लागले. लाईट आली की जरासा मागं घ्यायचा आणि पुन्हा लावायचा. कुणाला सांगितलं नाही. नळावर बाया म्हणायला लागल्या, "आपली केबल लई भारी. लाईटसाठी थांबती." मी खाली बघून हसायचे आणि घागर उचलायचे.

पडद्याच्या खाली एक पट्टी सरकत जायची. कुणाचा दहावा कधी, कुणाची म्हैस सुटून गेली, कुणाच्या पोराचा वाढदिवस, कुठल्या दुकानात लग्नाच्या साड्या आल्या. ती पट्टी मी लिहायचे. माझी शाळा चौथीत सुटली, पण या पट्टीनं मला अक्षरं विसरू दिली नाहीत. एकेक अक्षर शोधून बोट ठेवायचे. म्हैस सापडली की लोक ह्यांना चहा पाजायचे, आणि ह्यांनी घरी येऊन सांगितलं की मला तो चहा पोचायचा.

मग मोबाइल आले. आले ते आले, त्यात इंटरनेट आलं. पहिल्यांदा पोरांनी बघितलं, मग बाप्यांनी, मग बायांनी. सासवासुनांच्या मालिका टीव्हीवर लागायच्या आधीच सुना मोबाइलवर बघून मोकळ्या. सासू संध्याकाळी टीव्हीपुढं बसली की सून चुलीपाशी बसून पुढचं सांगणार. एक सासू तर ह्यांना म्हणाली, "तुमची केबल शिळं दाखवती." लोक डबे परत आणून द्यायला लागले. टीव्हीवर ठेवायचा तो केबलचा डबा. खोलीच्या कोपऱ्यात ते डबे एकावर एक चढत गेले, मी त्यावर फडकं टाकलं.

जाहिराती गेल्या ते जास्त लागलं. साडीवाल्यानं मोबाइलवर ग्रुप काढला, रोज नव्या साडीचा फोटो टाकायला लागला. किराणावाला, खतवाला, सगळे तिकडं गेले. दहाव्याचे निरोपही मोबाइलवर. पट्टीवर लिहायला काही उरेना. पट्टी रिकामी दिसू नये म्हणून मी कधी कधी "आज आठवडी बाजार आहे" असंच लिहायचे. गावाला ते माहीत नव्हतं थोडंच.

शेवटी एकच जाहिरात राहिली, भांडेवाल्या चाचांची. बाजारपेठेत त्यांचं तांब्यापितळेचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांपासूनचं. आमच्या रुखवतातली भांडी तिथलीच. चाचा ह्यांना मुलासारखं मानतात, म्हणून जाहिरात चालू ठेवली होती, पण या चैत्रात तेही म्हणाले, "बेटा, खरं सांगू का? आता कुणी बघत न्हाय. यात्रा होऊ दे, मग बंद करू. राग मानू नको."

त्या संध्याकाळी हे जेवताना बोलले. भाकरी कुस्करता कुस्करताच म्हणाले, "चाचांची जाहिरात गेली की चॅनल बंद करतो. छत्री उतरवून भंगारात देऊ. खोली मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं. त्यानं विचारलंय."

मी वाढत होते. वाढत राहिले. ह्यांचं काय, हे इंटरनेटच्या वायरी ओढायचं काम घेतील, लोक तेच मागत होते. माझं काय? या खोलीतूनच मी गावाशी बोलत होते. दुसरीकडं कुठं बोललेच नव्हते.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाला येऊन खोलीला टेप लावून गेला. इथं काउंटर, इथं काच. माझी खुर्ची त्यानं पायानं सरकवली.

यात्रेला लेक आली. ती सोलापुरात कॉलेजला असते. तिनं कोपऱ्यातले डबे बघितले, दुरुस्तीवाल्यानं भिंतीवर केलेली खूण बघितली आणि म्हणाली, "पप्पा, केबलवर फक्त आपलं गाव बघतंय. आपलं गाव राहतंय कुठं पण? निम्मं पुण्यात, थोडं दुबईत. यात्रेच्या कुस्त्या आपण इंटरनेटवर दाखवू. लाइव्ह."

"कोण बघतंय कुस्त्या पुण्यात?"

"दाखवून तर बघा."

"आन् खर्च?"

"माझा मोबाइल, घरातला कंप्युटर. खर्च काय त्यात? केबललाबी तेच जाईल, इंटरनेटलाबी तेच."

हे हसले. नाही म्हणायचं असलं की हे हसतात. पण लेक तशीच उठली आणि मला म्हणाली, "आई, चल चाचांकडं."

मी दुकानात कधी गेलेली नव्हते, भांडी घ्यायलाही हेच जायचे. पदर घेऊन लेकीच्या मागं उभी राहिले. लेक बोलायला लागली की चाचांना नको म्हणता येत नाही. तिनं सांगितलं, कुस्त्यांच्या मध्ये मध्ये तुमची जाहिरात लावू, पण जुनी नको. जुन्या जाहिरातीत दुकानाचा फोटो आणि कुठल्या तरी बाप्याचा मोठा आवाज होता. लेक म्हणाली, "चाचा, तुम्ही गिऱ्हाईकाला घागर कशी दाखवता, तेवढंच करा."

चाचांनी पितळेची घागर घेतली, कानाजवळ धरली आणि बोटाच्या पेरानं टकटक केली. असा आवाज निघाला की दुकानात लटकलेली सगळी भांडी जागी झाल्यासारखी वाटली. लेकीनं ते मोबाइलवर घेतलं. चाचा एवढंच बोलले, "सुना के? ये बोलती है." मग आमच्याकडं बघून, "मराठीत सांगू का?"

"नको चाचा, असंच लई भारी."

"पण एक अट आहे बरं का," चाचा म्हणाले. "कुणी बघितलं तर वर्षभर जाहिरात. कुणी न्हाय बघितलं तर तुझ्या बापाला परत माझ्याकडं पाठवायचं न्हाय. मला नको म्हणायला लाज वाटती."

तर असं ठरलं. सगळं एका संध्याकाळवर आलं.

लेक आखाड्यात मोबाइल घेऊन राहणार होती. तिथलं चित्र आमच्या खोलीतल्या कंप्युटरवर यायचं आणि तिथून पुढं सगळीकडं जायचं. कंप्युटरपाशी मी. हे आखाड्यात पंचांबरोबर, ह्यांना तिथं मान होता. लेकीनं माझ्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि बटणांवर टिकल्या चिकटवल्या. लाल दाबली की चित्र थांबून "जरा थांबा" अशी पाटी. पुन्हा लाल दाबली की चित्र. हिरवी दाबली की चाचांची घागर. पिवळी दाबली की माइक.

"माइक कशाला? मी बोलणार न्हाय."

"नको बोलू गं. मी येऊन बोलणार आहे आधी, म्हणून लावलाय."

"पिवळी काढून टाक. चुकून दाबली तर?"

"दाबली तर गावाला तुझ्या बांगड्या ऐकू येतील. काय बिघडतं?"

मी बांगड्या वर सरकवून ठेवल्या.

दुपार कलली तशी हलगी सुरू झाली. लहान पोरांच्या कुस्त्या आधी. पडद्यावर आखाडा दिसायला लागला तेव्हा मी खुर्ची पुढं ओढली. आखाडा मी कधी बघितलाच नव्हता. आमच्यात बाया आखाड्यात जात नाहीत, जाणारीला कुणी अडवत नाही, पण जात नाहीत. लाल माती, भोवती बसलेले फेटे आणि टोप्या, मधोमध अंगाला माती लावलेली दोन पोरं. आणि पडद्याच्या कडेला लोकांची अक्षरं वर चढायला लागली. मी वाचायला हळू. एक वाचेपर्यंत दुसरं वर जायचं. "राम राम पुण्यातून." "दुबईतून बघतोय, तो पांढऱ्या फेट्यातला माझा बाप आहे, त्याला पाणी द्या कुणीतरी." "आमची गल्ली दाखवा ना." बघणाऱ्यांचा आकडा पळत होता. मी हिरवी टिकली दाबली. घागर वाजली. कुणीतरी लिहिलं, "माझ्या आईच्या घागरीचा आवाज."

मी खुर्चीत बसून एकटीच हसत होते. ही सगळी माणसं माझ्या खोलीत आल्यासारखी वाटत होती, आणि एकालाही मी दिसत नव्हते. मला याहून चांगली बैठक मिळाली नसती.

शेवटची मोठी कुस्ती समोरच्या घरातल्या पोराची होती. समोरचं घर म्हणजे आमच्या दाराच्या थेट पुढं, मध्ये फक्त गल्ली. त्याची आई माझ्याहून मोठी, मी तिला अक्का म्हणते. पोराची कुस्ती असली की अक्का काही खात नाही. तिच्याकडं साधा बटणांचा फोन, इंटरनेट काही नाही. तिनं केबलचा डबा परत केला नव्हता, तो या कुस्तीसाठीच ठेवला होता असं वाटावं. तिचा टीव्ही मला खोलीतून ऐकू येत होता. हलगीचा आवाज पडद्यातून, तिच्या दारातून आणि लांबून आखाड्यातून, असा तीनदा येत होता.

पैलवानांनी हात मिळवले. मग दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरायला लागले. त्याच्याशी लढणारा पैलवान अंगानं थोराड होता, सांगलीकडचा. आमचा पोरगा चपळ. खाली गेला, वाटलं गेला, तर सुटून वर. अक्काच्या घरातून "आई गं!" असं ऐकू आलं.

आणि वारा सुटला. चैत्रातला वारा, मातीचा. गल्लीतले पत्रे वाजले आणि लाईट गेली.

अक्काचा टीव्ही बंद झाला. तिच्या दारातून येणारा आवाज तेवढा गेला आणि लांबची हलगी नुसती राहिली. माझ्या खोलीत बॅटरीवर सगळं चालू. माझा हात गेला, लाल टिकली दाबली. "जरा थांबा." विचार केला नाही. लाईट गेली की थांबायचं, आली की जिथं होतं तिथून लावायचं. इतकी वर्षं हेच केलं होतं. अक्काचं चुकायला नको, एवढंच मनात.

मी हात मांडीवर ठेवून बसले. कडेची अक्षरं भराभर चढायला लागली. मी एक पकडून वाचलं, "का थांबवलं?" मला वाटलं, लाईट गेली ना, दिसत नाही का. दुसरं पकडलं. "अरे चालू करा." तिसरं, "काय चाललंय?" मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. अनोळखी फोन मी उचलत नाही, कधीच नाही. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

"दुबईत लाईट आहे, कुस्ती कुठंय?" असं कुणीतरी लिहिलेलं मी हळूहळू वाचलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्याकडं लाईट होती. पुण्यात होती, दुबईत होती, आखाड्यात तर अजून ऊन होतं. लाईट फक्त आमच्या गल्लीची गेली होती. आणि आखाड्यातली कुस्ती म्हणजे सीडी नव्हे. मी बटण दाबलं म्हणून ते दोन पैलवान तिथं हात धरून उभे राहणार नव्हते.

मी लाल पुन्हा दाबली. पडद्यावर नुसत्या पाठी. लोक उठून आत घुसले होते, धूळ, गुलाल, कुणाला तरी खांद्यावर घेतलेलं, पण कोण ते दिसेना. कुस्ती झाली होती. मी घाबरून पुन्हा लाल दाबली. पाटी.

मोबाइल परत वाजला. या वेळी उचलला. लेक होती, कुणाच्या तरी फोनवरून.

"आई! काय केलंस गं! लाइव्ह थांबवत असतंय व्हय?"

"लाईट गेली होती गं, अक्काची..."

"अगं आई!" मला वाटलं रडती का काय. ती हसत होती. "हे बघ, माझ्या मोबाइलात सगळी भरलीय. मी घेऊन येते पळत. तू काहीच करू नको."

"कोण जिंकलं?" असं विचारायला तोंड उघडलं आणि मीच म्हणाले, "सांगू नको."

"का?"

"सांगू नको. जिथं थांबली तिथून लावू."

फोन ठेवला. कडेची अक्षरं आता चिडलेली होती. आणि मला वाटलं, कुणीतरी आखाड्यातला माणूस आता इथं लिहून टाकेल की अमका जिंकला. मग सगळं गेलं. ही सगळी माणसं उठून जातील. चाचा काय म्हणतील? छत्री उतरेल, इथं काच लागेल, काउंटर येईल.

पिवळी टिकली माझ्यापुढं होती. मी बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. दाबली.

आधी बांगड्याच वाजल्या असतील. मग बोलले. काय बोलले ते लेकीनं नंतर मला ऐकवलं म्हणून माहीत आहे. "आमच्या गल्लीची लाईट गेली. म्हणून मी थांबवली. मला वाटलं कुणाचं चुकायला नको. कुस्ती झालीया, पण कोण जिंकलं मलाबी ठाऊक न्हाय. पोरगी मोबाइल घेऊन येतीय. जिथं थांबली तिथून दाखवते. तोवर कुणी सांगू नका. हात जोडते, कुणी सांगू नका."

एवढं बोलून हिरवी दाबली, कारण दुसरं काय करावं सुचेना. घागर वाजली.

आणि कडेला एक ओळ आली, "लाईट गेली म्हणून थांबवली!" त्यापुढं हसणारी तोंडं. मग तेच खाली खाली, "कुणी सांगू नका", "सांगणाऱ्याला आखाड्यात उचलून आपटू", "काकू, घाई नको, आम्ही बसलोय", "आमच्या लहानपणी पण गावात सिनेमा लाईटसाठी थांबायचा, तुम्हीच का त्या?"

तुम्हीच का त्या. मी ते दोनदा वाचलं. पदरानं डोळे पुसले आणि परत हिरवी दाबली.

गल्लीची लाईट अजून आली नव्हती. मी उठून दारात गेले आणि गल्लीत हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं. "अक्का! इकडं या. माझ्याकडं बॅटरी हाय."

अक्का पदर सावरत आली. तिच्या मागं आणखी दोघीतिघी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बापे दिसले, आखाड्यातून परत येणारे, मोठमोठ्यानं बोलत. अक्का तिथूनच ओरडली, "सांगायचं न्हाय! तोंडं बंद! कुणी एक शब्द बोलला तर बघा!"

"अक्का, अगं ऐक तर..."

"कानात बोटं घातल्यात मी. चला, निघा."

बापे तोंडावर हात धरून भिंतीला लागून पुढं गेले. एकजण हसू आवरेना म्हणून तिथंच वाकला. बाया त्याच्यावर ओरडल्या, "हसूबी नका, हसण्यावरून कळतंय!"

लेक पळत आली. केस मातीनं लाल. मोबाइलातलं कंप्युटरवर यायला वेळ लागत होता, एक निळी रेघ हळूहळू भरत होती. तोवर घागर. एकदा, दोनदा, किती वेळा कुणास ठाऊक. शेवटी खोलीतल्या बायाही घागरीबरोबर म्हणायला लागल्या, "सुना के? ये बोलती है!" आणि हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

रेघ भरत आली तेवढ्यात दारात पैलवान उभा. अक्काचा पोरगा. आई घरात दिसली नाही म्हणून शोधत आला होता. माझी नजर त्याच्याकडं जाणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "कोण आलंय?"

"मी हाय, आये."

"तिथंच उभा राहा. बोलू नको. मी तुझ्याकडं बघणार न्हाय."

"आये, पण..."

"गप. तुझी कुस्ती बघू दे."

तो पोरगा एवढा मोठा पैलवान, दारात गप उभा राहिला. आई त्याच्याकडं पाठ करून पडद्याकडं बघत होती. मीही मान वळवली नाही. कपाळावर गुलाल आहे का नाही, एवढंच तर बघायचं होतं, पण आमच्यातल्या एकीनंही बघितलं नाही.

लेकीनं जिथं थांबली होती त्याच्या जरा आधीपासून लावली. मीच सांगितलं होतं, थोडी मागं घे. "आई गं" च्या आधीपासून. दोघं मानेवर हात टाकून फिरत होते. आमचा खाली गेला. अक्काच्या तोंडून परत तसंच निघालं, "आई गं!" मग तो सुटला, वर आला. वारा सुटलेला दिसला, आखाड्याच्या कडेची पताका फाटल्यासारखी फडफडली. इथं माझं बोट लाल टिकलीवर गेलं होतं. या वेळी बोट मांडीवर होतं.

थोराड पैलवानानं कमरेला मिठी मारली. उचलला. आता पडला, असं वाटलं. अक्कानं डोळे मिटले. मागून पोरगा म्हणाला, "आये, डोळं उघड." तेवढंच बोलला. अक्कानं उघडले. हवेतच आमच्यानं पाय अडकवला, अंग वळवलं, आणि खाली येताना वर आमचा आणि खाली तो थोराड. पाठ मातीला. हलगी एकदम चढली. खोलीत कोण ओरडलं मला कळलं नाही, मी पण असणार, कारण लेक माझ्याकडं बघत राहिली होती.

अक्का उठली, वळली, पोराचं तोंड दोन्ही हातांत धरलं. गुलाल होता, कानापर्यंत. तिनं काही कौतुक केलं नाही. म्हणाली, "कानाला काय झालं रे? कान कशानं लाल झालाय?"

"गुलाल हाय आये."

"मग सांगायचं ना!"

सगळ्या हसल्या. तेवढ्यात लाईट आली आणि समोरच्या अक्काच्या रिकाम्या घरात टीव्ही आपोआप ओरडायला लागला, तेच, हलगी आणि लोकांचा गोंधळ. माझ्या खोलीतून निघून गल्ली ओलांडून तिच्या घरी पोचलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा स्वतः घरी आले. हे घाईनं सदरा घालून बाहेर आले. मी आतल्या दारामागं.

"बेटा," चाचा म्हणाले, "दुबईहून माझ्या साडूचा फोन. म्हणला, क्या भाई, तेरी घागर तर सगळी दुनिया वाजवतीय. सकाळपासून दोन गिऱ्हाईकं आली, दुकानात शिरताच म्हणतात, सुना के?"

"म्हंजे जाहिरात..." हे चाचरले.

"वर्षभर. त्यात काय विचारायचं." मग चाचांनी मान जरा वाकडी केली आणि आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, पुढच्या यात्रेला बी अशीच लाईट घालवा बरं का!"

मी दारामागून म्हणाले, "लाईट मी घालवली न्हवती चाचा." इतकं बोलले. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी दुसरीच बाई घरात आली आहे.

दुपारी दुरुस्तीवाला परत टेप घेऊन आला. ह्यांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "खोली द्यायची न्हाय." कारण विचारलं तर म्हणाले, "खोलीत माणूस बसतंय." मग उठून त्यांनी पंखा माझ्या खुर्चीकडं फिरवला.

लेक सोलापूरला गेली. तिथून ती फोनवर सांगते आणि मी करते. आठवडी बाजार, शाळेचं गॅदरिंग, उरुसाची कव्वाली, सगळं दाखवतो. पट्टी परत भरली आहे. दुबईतून कुणी लिहितं की आमच्या आईला सांगा मोबाइल चार्ज कर, ते मी पट्टीवर लिहिते आणि आई चार्ज करते. मध्ये कुणाची म्हैस सुटली होती, ती पुण्यातल्या पोरानं मोबाइलवर ओळखली, बाजाराच्या गर्दीत मागं उभी दिसली म्हणून. पिवळ्या टिकलीला अजून बोट भीत भीत जातं, पण जातं.

आणि अक्का बाजारच्या दिवशी सकाळचं काम उरकून येते. भुईवर बसते, पदर नीट करते आणि म्हणते, "लाव."

"कुस्ती सुरुवातीपासून लावू?"

"सुरुवातीपासून कशाला? तू थांबवली होतीस ना, तिथून लाव."

मी जरा मागं घेते आणि लावते.